कमी किलोमीटर म्हणजे नवी गाडी नव्हे

जुनी गाडी घेताना बहुतेकांची नजर आधी ओडोमीटरवर (एकूण चाललेले अंतर दाखवणारा मीटर) जाते. बारा वर्षांची गाडी जेमतेम 25,000 किलोमीटर चाललेली असेल, तर ती नव्यासारखीच, असा समज सर्रास आढळतो. तो स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. ओडोमीटर झीज किती झाली असेल याचा अंदाज देतो, वय सांगत नाही.

फळीवर पडून राहिलेल्या कुकरची रिंग न वापरताही कडक होते. गाडीतल्या रबराचेही तसेच आहे. होज पाइप, ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट (झडपा व पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) उभ्या गाडीतही जुने होतात. म्हणूनच बेल्ट बदलण्यासाठी कंपन्या सहसा किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात. जी आधी येईल ती पाळायची. धावत्या गाडीत बेल्ट तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि घाटात ब्रेक तापले की दगा देऊ शकते.

टायरचे वय त्याच्या कडेवरच कोरलेले असते. चार अंकांत 2318 दिसले, तर तो टायर 2018 च्या 23व्या आठवड्यातला.

त्यामुळे सौदा ठरवण्यापूर्वी सर्व्हिसची कागदपत्रे मागा आणि बेल्ट, ब्रेक ऑइल, कूलंट शेवटचे कधी बदलले, त्या तारखा तपासा. नोंद नसेल, तर तो खर्च किमतीत धरूनच बोलणी करा.