पन्नास डॉलरचा कम्पायलर

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आपण रॅमपासून बॅटरीपर्यंत सगळ्याची कुंडली मांडतो. पण कम्पायलर? तो काय, डाऊनलोड केला की झालं! १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरी कम्प्युटर असलेल्यांसाठी मात्र कम्पायलर ही खिसा चाचपून घ्यायची गोष्ट होती.

बहुतेक होम कम्प्युटर्सवर बेसिक ही भाषा असायची. शिकायला सोपी, पण चालायला गोगलगाय. कारण बेसिकचा इंटरप्रिटर प्रोग्राम चालू असताना प्रत्येक ओळ नव्याने वाचून समजून घ्यायचा. कम्पायलर हे काम आधीच उरकून ठेवतो. वेग हवा तर कम्पायलर हवा. पण नामांकित कंपन्यांच्या कम्पायलर्सची किंमत शेकडो डॉलर्समध्ये. म्हणजे विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी नुसतं बघायचं!

मग बजेटमध्ये काय होतं?

फुकटात : स्मॉल-सी
रॉन केन यांनी लिहिलेल्या या कम्पायलरचा अख्खा सोर्स कोड ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ने मे १९८०च्या अंकात छापला. कम्पायलर आतून कसा चालतो हे बघायचं असेल तर यासारखी मेजवानी नाही. पण सी भाषेचा हा छोटासा तुकडाच. स्ट्रक्चर नाही, दशांश चिन्हाचे आकडे नाहीत. शिवाय तो असेम्ब्ली कोड बनवायचा. म्हणजे पुढे असेम्ब्लर आणा!

तीस डॉलरच्या आत : जेआरटी पास्कल
किंमत २९.९५ डॉलर. सीपी/एम ही सिस्टिम असलेल्या मशीनवर चालायचा. पण तो थेट मशीनची भाषा बनवत नसे. त्याने केलेला मधल्या टप्प्यातला कोड चालवायला वेगळा प्रोग्राम लागे. ज्या वेगासाठी कम्पायलर घेतला, तोच थोडा हातचा जायचा.

पन्नास डॉलर : टर्बो पास्कल
नोव्हेंबर १९८३मध्ये फिलिप कान यांच्या बोरलँड कंपनीने हा ४९.९५ डॉलरला बाजारात आणला. त्याचा गाभा लिहिला होता अँडर्स हायल्सबर्ग या डॅनिश तरुणाने. सीपी/एमवर चालायचा आणि आयबीएम पीसीवरही.

खरा फंडा वेळेचा
टर्बो पास्कल नुसता स्वस्त म्हणून गाजला नाही. तेव्हाची नेहमीची पद्धत बघा. एडिटर उघडा, लिहा, सेव्ह करा, बाहेर पडा, कम्पायलर सुरू करा, फ्लॉपीची घरघर ऐकत बसा. शेवटी काय, तर एक सेमीकोलन राहिलाय! पुन्हा पहिल्यापासून. टर्बोमध्ये एडिटर आणि कम्पायलर एकत्र, दोन्ही मेमरीत. चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी. पुढच्या ३.०२ आवृत्तीतसुद्धा हा सगळा संसार ३९,७३१ बाइट्समध्ये मावला होता. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो.

अर्थात, तडजोडी होत्याच. पहिली चूक दिसली की कम्पायलर तिथेच थांबायचा. प्रोग्रामच्या कोडला ६४ केबीची मर्यादा होती. पण घरच्या मशीनची मेमरीच मुळात तेवढी असताना त्याचं कुणाला फारसं वाईट वाटणार? लायसन्सही सुटसुटीत होतं. पुस्तकासारखं वापरा. कुणालाही द्या, फक्त एका वेळी दोन ठिकाणी वापरू नका.

आपल्याकडच्या कॉलेज लॅबमध्ये अनेक पिढ्यांनी टर्बो सीची निळी स्क्रीन पाहिली. तो टर्बो सी याच बोरलँडचा, १९८७चा. हायल्सबर्ग यांनी पुढे डेल्फी, सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट घडवलं. म्हणजे आज ऑफिसात तुमच्या समोर उघडलेल्या कोडमध्येही त्यांचा हात असू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलंही टूल निवडताना फीचर्सची यादी जरा बाजूला ठेवा. आपली चूक कळून ती दुरुस्त करायला किती वेळ लागतो, ते आधी बघा. पन्नास डॉलरच्या त्या डिस्कने प्रोग्रामिंग महागड्या कंपन्यांच्या तावडीतून सोडवून घरच्या टेबलावर आणलं, ते याच हिशेबावर.