खड्गशैली, काल्पनिक जपानी

खड्गशैली, काल्पनिक जपानी : जपानी चित्रकथा (मांगा) व त्यांवर आधारलेले सचेतनपट (अ‍ॅनिमे) ह्यांतील पात्रांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, परंतु इतिहासातील कोणत्याही गुरुपरंपरेने न शिकविलेल्या तलवारबाजीच्या पद्धती. आवडत्या पात्राचा वेष धारण करून त्याची भूमिका वठविण्याच्या छंदास ‘कॉस्प्ले’ म्हणतात. ही संज्ञा ताकाहाशी नोबुयुकी ह्यांनी १९८३ मध्ये एका जपानी नियतकालिकातील लेखात रूढ केली. ह्या छंदातील अनेकजण पोशाखाबरोबरच पात्राची तलवारबाजीही आत्मसात करू पाहतात. काल्पनिक शैली जशीच्या तशी शिकता येत नाही. प्रत्यक्षात शिकली जातात ती तिची तीन अंगे : जपानी खड्गविद्येतील मूलभूत हालचाली, रंगभूमी व चित्रपट ह्यांतील अभिनीत द्वंद्वाचे तंत्र (ताते) आणि त्या पात्राची विशिष्ट देहबोली.

ऐतिहासिक आधार : जपानमध्ये खड्गविद्येच्या संप्रदायास ‘र्यू’ अशी संज्ञा आहे. पंधराव्या शतकात इइझासा चोइसाइ ह्यांनी स्थापिलेला कातोरी शिंतो-र्यू हा सर्वांत प्राचीन विद्यमान संप्रदायांपैकी एक होय. मियामोतो मुसाशी (मृत्यू १६४५) ह्यांच्या नितेन इचि-र्यू संप्रदायात लांब व आखूड अशा दोन तलवारी एकाच वेळी वापरतात, तर सात्सुमा प्रांतातील जिगेन-र्यू संप्रदायाचा भर पहिल्याच निर्णायक प्रहारावर असतो. १८७६ च्या राजाज्ञेने सैनिक, पोलीस इत्यादींचा अपवाद वगळता सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी आली. तथापि ही विद्या केन्दो, इआइदो (म्यानातून तलवार उपसण्याची कला) ह्या रूपांनी टिकून राहिली.

काल्पनिक शैलींचे स्वरूप : बहुतेक काल्पनिक शैलींच्या मुळाशी एखादे वास्तव तंत्र असते व कथाकार ते अशक्यतेच्या सीमेपर्यंत ताणतो. वात्सुकी नोबुहिरो ह्यांच्या रुरोउनी केन्शिन (१९९४–९९) ह्या चित्रकथेतील नायकाची ‘हितेन मित्सुरुगी-र्यू’ शैली तलवार उपसताक्षणीच वार करण्याच्या तंत्रावर उभी आहे. तिच्यातील एका डावात नऊ वार एकाच क्षणी होतात. हे नऊ वार म्हणजे वरून खाली, खालून वर, दोन आडवे, चार तिरपे व एक भोसक असे असून त्यांतील प्रत्येक वार स्वतंत्रपणे खऱ्या खड्गविद्येत आढळतो. काल्पनिक आहे ती केवळ त्यांची एककालिकता. ओदा एइइचिरो ह्यांच्या वन पीस (१९९७ पासून) ह्या चित्रकथेतील झोरो तीन तलवारींनी लढतो व तिसरी दातांत धरतो. दोन तलवारींचे तंत्र वास्तव असले, तरी लांब पाते जबड्याने पेलून त्याची दिशा नियंत्रित करणे मानवी शरीरास शक्य नाही. गोतोगे कोयोहारु ह्यांच्या किमेत्सु नो याइबा (२०१६–२०) मध्ये जल, अग्नी, वायू, शिला व वीज ह्या पाच मुख्य ‘श्वासपद्धती’ कल्पिल्या आहेत. वार करताना उच्छ्वास सोडणे व आरोळी देणे हे केन्दोतही शिकवितात. पात्याभोवती दिसणारे पाणी किंवा ज्वाळा मात्र चित्रकाराच्या कल्पनेतील असतात.

अभिनीत द्वंद्व : काबुकी नाट्यात द्वंद्वाची आखीव, नृत्यसदृश मांडणी पूर्वीपासून असे. सावादा शोजिरो ह्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या शिनकोकुगेकी नाटकमंडळीने तिला वेगवान व वास्तवाभासी वळण दिले आणि तेच पुढे चित्रपटांत रुजले. कुरोसावा आकिरा ह्यांच्या शिचिनिन नो सामुराइ (१९५४) ह्या चित्रपटासाठी कातोरी शिंतो-र्यूचे आचार्य सुगिनो योशिओ ह्यांनी नटांना मार्गदर्शन केले. ताते-कलेचे मर्म असे, की वाराचा परिणाम मारणाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, मार खाणाऱ्यावर अवलंबून असतो. तलवारीने मारला जाणारा नट (किरारेयाकु) म्हणून फुकुमोतो सेइझो (१९४३–२०२१) ह्यांनी जन्मभर काम केले. पाठ कमानीसारखी वाकवून कोसळण्याची त्यांची लकब विशेष गाजली.

साधने : प्रारंभी लाकडी तलवार (बोकुतो) वापरतात. ती बहुधा ओक वृक्षाच्या लाकडाची व सु. १०२ सेंमी. लांब असते. ती बोथट असली, तरी तिच्या आघाताने हाड मोडू शकते. केन्दोतील शिनाइ बांबूच्या चार पट्ट्यांची असून प्रौढांसाठी तिची कमाल लांबी १२० सेंमी. असते. इआइदोच्या सरावासाठी जस्त व अ‍ॅल्युमिनियम ह्यांच्या मिश्रधातूची धार नसलेली तलवार (इआइतो) मिळते. तिचे टोक अणकुचीदार असल्याने जोडीच्या सरावात ती वर्ज्य ठरते. रंगभूमीवर बांबू वा लाकडाच्या पात्यावर चंदेरी वर्ख लावलेली ‘ताकेमित्सु’ वापरतात. मेळाव्यांसाठी फोमची प्रतिकृती सर्वांत सुरक्षित असते.

शिक्षणक्रम : पहिला टप्पा पकड व पदन्यास ह्यांचा असतो. डावा हात मुठीच्या टोकाशी व उजवा हात तलवारीच्या ढालपट्टीजवळ (त्सुबा) असतो. वारास बळ मुख्यतः डाव्या हाताने दिले जाते, तर उजवा हात दिशा देतो. पाऊल उचलून आपटण्याऐवजी जमिनीलगत सरकविले जाते. त्यानंतर मध्य, ऊर्ध्व, अधो, खांद्यालगत उभी तलवार व पाठीमागे नेलेली तलवार हे पाच पवित्रे (कामाए) शिकवितात. पात्रांची चित्रे लक्षपूर्वक पाहिल्यास त्यांतील बहुसंख्य पवित्रे ह्या पाचांचीच रूपांतरे असल्याचे दिसून येते. जोडीच्या नियत हालचालींचा परिचय करून घेण्यासाठी १९१२ मध्ये निश्चित झालेल्या केन्दोच्या दहा काता (सात लांब व तीन आखूड तलवारीच्या) उपयुक्त ठरतात.

दुसऱ्या टप्प्यात निवडलेला काल्पनिक डाव चार घटकांत विभागतात : आरंभीचा पवित्रा, पुढे जाण्याची चाल, वाराची रेषा व अंतिम स्थिती. त्यांतील अशक्य घटकाऐवजी शक्य असा पर्याय योजतात. उदा., नऊ एककालिक वारांऐवजी तीन वार सलग व स्पष्टपणे करून अखेर भोसक दाखवितात. चित्रात वेगरेषांनी जे साधते, ते रंगमंचावर विरामाने साधावे लागते. वारापूर्वीची निश्चलता व वारानंतरची सावध स्तब्धता (झानशिन) ह्यांमुळे मधली हालचाल आहे त्याहून वेगवान भासते. उपसण्याच्या डावांत उजवा हात तलवार ओढीत असतानाच डाव्या हाताने म्यान मागे खेचतात. डाव्या हाताची बोटे म्यानाच्या धारेकडील बाजूस वेढल्यास खऱ्या पात्याने म्यान चिरून बोटे कापली जाण्याचा धोका असतो. म्हणून ही सवय बिनधारी साधनावरच योग्य रीतीने लावून घ्यावी लागते.

तिसरा टप्पा जोडीच्या सरावाचा. येथे अंतर (मा-आइ) सर्वांत महत्त्वाचे असते. वार जोडीदाराच्या शरीरापासून दूर संपेल इतके अंतर राखतात व प्रेक्षक अशा कोनात बसवितात, की मधली पोकळी त्यांना दिसू नये. प्रत्येक हालचालीपूर्वी नजरेने संकेत दिला जातो. प्रथम अत्यंत संथ गतीने, मग मध्यम व अखेरीस पूर्ण गतीने सराव होतो. आयत्या वेळी डाव बदलणे निषिद्ध मानतात.

सुरक्षितता व कायदा : अभिनीत द्वंद्वात धारदार शस्त्र कधीही वापरीत नाहीत. ह्या नियमाचे मोल १९८८ मधील एका दुर्घटनेने अधोरेखित झाले. झातोइची ह्या जपानी चित्रपटाच्या चित्रीकरणात खरी तलवार वापरली गेल्याने एका नटाचा मृत्यू झाला. जपानमध्ये १९५८ च्या बंदुका व तलवारी नियंत्रण कायद्यान्वये खऱ्या तलवारींची नोंदणी आवश्यक असून खऱ्या तलवारीसारखी दिसणारी धातूची प्रतिकृतीदेखील सबळ कारणाविना सोबत बाळगणे गुन्हा ठरतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. ह्या नियमांतील शस्त्रांच्या वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा समावेश होतो. २०११ पासून दिल्लीत व पुढे मुंबईसह अन्य शहरांत भरू लागलेल्या कॉमिक कॉन मेळाव्यांत पात्रांचे वेष धारण करणाऱ्यांची गर्दी असते. अशा ठिकाणी धातूची पाती नेता येत नाहीत व प्रतिकृतींची प्रवेशद्वारी तपासणी होते.

मूल्यमापन : अशा शिक्षणातून आत्मसंरक्षणाचे कौशल्य प्राप्त होत नाही व कोणत्याही संप्रदायाची दीक्षाही मिळत नाही. काही आठवड्यांच्या सरावानंतर आपण खरे खड्गपटू झालो, असा समज नवशिक्यांत बळावण्याचा संभव असतो व बहुतेक इजांच्या मुळाशी तोच असू शकतो. दुसरीकडे, चित्रकथेच्या ओढीने आलेले काहीजण पुढे केन्दो वा इआइदोचे नियमित विद्यार्थी होतात. खऱ्या विद्येत प्रतिस्पर्ध्याला स्पर्श करणे हे साध्य असते, तर अभिनीत विद्येत स्पर्श न करता तो झाल्याचा भास निर्माण करणे हे साध्य असते. दोहोंसाठी लागणारा अंतराचा व काळाचा अंदाज मात्र सारखाच असतो. म्हणूनच ह्या छंदात नैपुण्याची कसोटी वाराच्या जोरात नसून समोरच्याचा निर्धास्तपणा टिकवून ठेवण्यात मानली जाते.