कल्चर रिपोर्ट उशिरा येतो

गठ्ठा बांधून झाला की मग यायचा तो कागद. लॅबचा शिपाई दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या दारात उभा राहायचा, हातातल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बाई, हे वॉर्डात घेत नाहीत. पेशंट गेला." गेला म्हणजे घरी गेला की कायमचा, ते केस पेपर काढल्यावरच कळायचं.

१९९४ साली मी मुंबईतल्या एका रुग्णालयात या कामाला लागले. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, आयसीडीच्या जाडजूड पुस्तकात शोधायचं आणि त्याचा आकडा रजिस्टरात चढवायचा. आयसीडी म्हणजे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. तेव्हा आमच्या टेबलावर त्याची नववी आवृत्ती होती. लघवीचा संसर्ग? ५९९.०. जंतू ई-कोलाय? जोडीला ०४१.४. संपलं. पुढचा पेपर.

तीन वाजताच्या चिठ्ठीवर मात्र याहून जास्त काही असायचं. एका उभ्या रांगेत अँटिबायोटिक्सची नावं: ॲम्पिसिलिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफोटॅक्सिम. प्रत्येकासमोर एकेक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे जंतू दाद देत नाही. एका चिठ्ठीवर मी वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, आर असं वाचत गेल्याचं आठवतं, आणि शेवटी अमिकासिनपुढे एकटा एस. रुग्ण तीन दिवसांपूर्वी वारला होता. कार्डावर 'सेप्टिसेमिया' लिहिलेलं होतं आणि मी त्याचा आकडा आदल्या दिवशीच चढवला होता. चिठ्ठी टाचणीने पेपरला लावली आणि गठ्ठा पुन्हा बांधला.

यात कुणाचा आळस नव्हता. जंतू बशीत वाढायला एक दिवस, औषधांच्या चकत्या ठेवून निकाल वाचायला आणखी एक. माणसाची तब्येत तेवढी थांबत नाही. शिवाय आमच्या कामाचा पहिला नियम असा, की निदान डॉक्टर लिहितो, कोड घालणारा नाही. चिठ्ठीवर दहा वेळा आर असला आणि डॉक्टरांनी कार्डावर त्याबद्दल शब्द लिहिला नसेल, तर आमचे हात बांधलेले. आणि समजा लिहिला असता, तरी घालायचा कोणता आकडा? नवव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूसाठी रकानाच नव्हता.

त्या पुस्तकाचं मूळ १८९३ मधलं. जॅक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी त्या वर्षी शिकागोत मांडली. तेव्हा पेनिसिलिनच नव्हतं, मग त्याला न जुमानणारा जंतू कुठला? १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं. तोवर पेनिसिलिन बाजारात होतं, आणि त्याचा जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की अपुरा डोस दिलात तर जंतू निर्ढावतील. १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्याला न बधणारा स्टॅफिलोकॉकस नोंदवला. तोच पुढे एमआरएसए म्हणून जगभरच्या रुग्णालयांत बदनाम झाला. औषध आलं आणि दोन वर्षांत त्यावर मात करणारा जंतू सापडला.

कोड यायला मात्र ३२ वर्षं लागली. १९९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आपल्या आवृत्तीत 'व्ही ०९' हा गट टाकला. तोही जोडकोड. आधी मूळ आजार लिहायचा, मग त्याच्या मागे ही शेपटी. त्यातल्या व्ही ०९.० मध्ये पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना दाद न देणारा कुठलाही जंतू बसायचा, म्हणजे एमआरएसए वेगळा निवडून काढता यायचा नाही. त्याला स्वतःचा आकडा, ०४१.१२, मिळाला १ ऑक्टोबर २००८ ला. रुग्णालयातच जडलेल्या काही ठरावीक दुखण्यांचे जादा पैसे देणं अमेरिकेच्या सरकारी विम्याने त्याच तारखेपासून बंद केलं. कोडाला पैशाची दोरी बांधली की कोडाचं काय होतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

ब्रिटनने मात्र आकड्यांवर भरवसाच ठेवला नाही. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे १९९३ पासूनच्या मृत्यूच्या दाखल्यांचा मजकूर संगणकात होता. त्यांनी त्यात 'एमआरएसए' हा शब्दच शोधला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९३ साली तो ५१ दाखल्यांवर सापडला, २००६ साली १,६५२ दाखल्यांवर. त्यातली खरी वाढ किती आणि डॉक्टरांना लिहायची सवय लागली म्हणून दिसलेली किती, हा वाद राहिलाच. पण मोजता आलं, कारण कुणीतरी तो शब्द लिहिला होता.

आमच्याकडे पुढे दहावी आवृत्ती आली, तीन खंडांची. मी अधाशीपणे शेवटचा भाग उघडला होता. 'यू' हे प्रकरण जवळजवळ रिकामं, पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलेलं. नंतरच्या सुधारणांत तिथे यू ८० पासून पुढे औषधरोधाचे कोड आले, मग त्यांची फेरमांडणी होऊन यू ८२ ते यू ८४ झाले. मेथिसिलिनसाठी यू ८२.१, क्षयाच्या औषधांसाठी यू ८४.३. सोबत ठळक सूचना: हे कोड मुख्य निदान म्हणून कधीही वापरू नयेत. म्हणजे इथेही शेपटीच. ती हवी असली तर लावायची, नसली तरी कुणी विचारत नाही.

या शेपटीची खरी किंमत मुंबईला कळली ती क्षयात.

क्षयाच्या सरकारी कार्यक्रमात तेव्हा रुग्णाची ओळख म्हणजे त्याची कॅटेगरी असायची. पहिल्यांदा आजारी पडलेला कॅट वन. औषध सोडून परत आलेला कॅट टू, त्याला वर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी डॉट्स-प्लस हा कार्यक्रम सुरू झाला आणि कॅट फोर हा शब्द चाळींत पोहोचला. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधं ज्याला लागू पडत नाहीत, तो एमडीआर. त्याच्या पुढचा एक्सडीआर, हे नाव २००६ मध्ये रूढ झालं. दक्षिण आफ्रिकेत तुगेला फेरी इथे असे ५३ रुग्ण सापडले होते, त्यातले ५२ दगावले.

मग डिसेंबर २०११. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र 'क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीझेस'मध्ये आलं. चार रुग्ण, आणि तपासलेलं एकही औषध लागू नाही. त्यांनी शब्द वापरला टीडीआर, टोटली ड्रग रेझिस्टंट. जानेवारीत वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि गहजब झाला. केंद्राचं पथक मुंबईत आलं. सरकारने सांगितलं, अशी संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली नाही. ते खरंही होतं. संघटनेचं म्हणणं असं की काही औषधांच्या चाचण्या पुरेशा विश्वासार्ह नाहीत, त्यामुळे 'टोटली' म्हणता येत नाही. शास्त्र म्हणून हा मुद्दा रास्त आहे. पण त्या महिन्यात नावावर जितकी शाई खर्च झाली, तितकी त्या चौघांच्या प्रिस्क्रिप्शनवर झाली नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. कारण आजाराची जन्मकथा त्या प्रिस्क्रिप्शनमध्ये होती. १९९१ मध्ये धारावीतल्या शंभरएक खासगी डॉक्टरांना क्षयाचे उपचार लिहायला सांगितले, तर ८० वेगवेगळ्या पद्धती निघाल्या होत्या. वीस वर्षांनी १०६ डॉक्टरांना तेच विचारलं, तेव्हा ६३.

मी तेव्हा कुतूहलाने एक गोष्ट करून पाहिली. त्या पत्रातल्यासारखा रुग्ण माझ्या टेबलावर आला असता तर मी काय आकडा घातला असता? थुंकीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय: ए १५.०. आणि सहा महिने गोळ्या खाऊन ठणठणीत बरा होणारा कॉलेजचा पोरगा? त्यालाही ए १५.०.

७ मे २०१२ ला क्षयाची नोंद कळवणं देशभर सक्तीचं झालं आणि 'निक्षय' ही संगणकीय नोंदणी आली. क्षयाला असा स्वतंत्र दरवाजा मिळाला, म्हणून आज त्याचे आकडे आहेत: २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांत एमडीआर २.८४ टक्के, आधी उपचार घेतलेल्यांत ११.६० टक्के. व्याख्याही बदलत राहिल्या. २०२१ पासून एक्सडीआरच्या व्याख्येतून जुनी इंजेक्शनं गेली आणि बेडाक्विलिन, लिनेझोलिड आली. जुन्या एक्सडीआरची नव्याशी तुलना करणाऱ्याने आधी तारीख बघावी.

बाकीच्या जंतूंना असा दरवाजा नाही. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी 'जपी' या भारतीय नियतकालिकात लिहिलं की कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१, म्हणजे 'न्यू दिल्ली'च्या नावाचं औषध निकामी करणारं विकर आहे. फार कुणी लक्ष दिलं नाही. ऑगस्टमध्ये तीच गोष्ट लॅन्सेटच्या संसर्गविषयक नियतकालिकात आली, नावातलं 'न्यू दिल्ली' डोळ्यांत खुपलं आणि संसदेत आवाज उठला. त्या नावाबद्दल लॅन्सेटच्या संपादकांनी पुढे दिलगिरीही व्यक्त केली. नाव अन्यायाचं होतंच. पण नमुने तर इथलेच होते.

औषधरोधाच्या कोडांची पुढची कडी मला नवी मुंबईतल्या ऐरोलीत सापडली. माझी भाची तिथल्या एका कंपनीत मेडिकल कोडर आहे. बी.एस्सी. झाली, कोडरांची सीपीसी ही परीक्षा दिली आणि आता अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत म्हणाली, "मावशी, आता कार्बापेनेमला वेगळा कोड आलाय. झेड १६.१३." ऑक्टोबर २०२३ पासून. तोवर तो 'इतर' मध्ये जायचा. कोड चुकला तर क्लेम अडकतो, म्हणून तिच्या टेबलावर कल्चर रिपोर्टचं काय झालं हे डॉक्टरांना लेखी विचारायची सोय आहे. मी विचारलं, "आणि इथल्या पेशंटचं कोण विचारतं?" ती हसली. नवी मुंबईत बसून ओहायोतल्या आजीबाईंच्या जंतूचा हिशेब चोख लागतो, आणि खालच्या रस्त्यावरच्या नर्सिंग होममध्ये दाखल्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे होतात.

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत एमजी ५० पासून जंतू आणि औषध अशा जोड्यांनी कोड आहेत आणि ते मूळ आजाराला साखळीसारखे जोडता येतात. रचना उत्तम आहे. पण साखळीची पहिली कडी अजून डॉक्टरांचं पेनच आहे. २०१९ मध्ये औषधरोधामुळे जगात १२.७ लाख माणसं मेली, हा सगळीकडे छापला जाणारा आकडा दाखल्यांच्या बेरजेतून आलेला नाही. तो गणिती प्रारूपातून काढलेला अंदाज आहे. दाखल्यांवर ते लिहिलेलंच नव्हतं, मग बेरीज कशाची करणार? आपल्याकडे तर नोंदलेल्या मृत्यूंपैकी पाचातल्या जेमतेम एकाचं कारण डॉक्टरांच्या सहीने प्रमाणित होत आलं. गोव्याने ते प्रमाण जवळजवळ पूर्ण केलं, म्हणजे जमत नाही असं नाही. कोविडचा यू ०७.१ तर महामारीच्या पहिल्या काही महिन्यांतच दाखल्यांवर आला, कसा लिहायचा याच्या सूचनांसकट.

एक गोष्ट बदलली आहे, ती सांगते आणि थांबते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रुग्णालयातल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगाला फुकट द्यावी लागते. नमुना क्रमांक ४ असं त्याचं नाव. त्यात कारणांच्या अ, ब, क अशा ओळी असतात आणि हृदय बंद पडणं यासारखी मरणाची रीत लिहू नका, आजार लिहा, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. घरात अशी वेळ आली तर दुःखातही तो कागद मागून घ्या. ओळी रिकाम्या असतील, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: कल्चर रिपोर्ट आला होता का, आणि त्यात काय होतं?