मिरचीच्या बीच्या आत

घरचं मिरचीचं बी घेऊन शेतकरी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: यात रोग आहे का? वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. बिया पिवळसर, चपट्या, स्वच्छ. पण बुरशी बीच्या वर असते तशी आतही असते, आणि आतली बघायची तर वरची आधी पुरती घालवावी लागते. खरी कसोटी तिथेच लागते.

नळाखाली धुतलेल्या बिया मिनिटभर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात, शेवटी निर्जंतुक पाण्यात तीनदा. वेळ कमी पडला तर वरची बुरशी उरते. जास्त झाला तर द्रावण मुरून आतलीही मरते. म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी मी ओतून देत नाही, वेगळ्या प्लेटवर पसरते. त्या प्लेटवर काही उगवलं, तर बिया मांडलेल्या बाकीच्या प्लेटा कितीही चांगल्या दिसोत, त्या टाकून द्यायच्या. विद्यार्थ्यांना हे जड जातं, पण इथे मी सूट देत नाही.

प्लेटमधलं खाद्य साधं: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, अगर, आणि जिवाणू दबून राहावेत म्हणून थोडं अँटिबायोटिक. २५ अंशांच्या आसपास ठेवलं की काही दिवसांत बीच्या कडेने तंतू बाहेर पडू लागतात. अल्टरनेरिया हिरवट काळी पसरते, फ्युजेरियमला बऱ्याचदा गुलाबी छटा येते. कोलेटोट्रायकम राखाडी वाढते आणि तिच्यावर बारीक काळे पुंजके धरतात. त्यातला एक सुईने उचलून निळ्या रंगात मायक्रोस्कोपखाली ठेवला, की काळे ताठ केस दिसतात आणि त्यांच्या बुडाशी विळ्यासारखे वाकलेले बीजाणू. मग शंका उरत नाही. मिरचीची फळं सडवणारी, फांद्या शेंड्याकडून वाळवणारी बुरशी ती हीच.

ती बीत किती खोल शिरली आहे, हे पाहायला भिजवलेली बी सोलावी लागते. टरफल, आतला गर आणि गोल वळलेला गर्भ असे तीन तुकडे वेगवेगळे ठेवायचे. गर्भ अख्खा सुटून येणं हे हाताचं कसब आहे, घाई केली की तुटतोच. बुरशी फक्त टरफलातून उगवली तर धोका कमी. गर्भातूनही उगवली, तर ते बियाणं पेरू नका, असं मी स्पष्ट सांगते.

मात्र आत सापडलेली प्रत्येक बुरशी शत्रू नसते. कोलेटोट्रायकमचंच पाहा. ती हिरव्या मिरचीत शिरून गप्प बसू शकते आणि फळ पिकायला लागलं की ठिपका दाखवते. १९९३ साली फ्रीमन आणि रॉड्रिगेझ यांनी काकडीवर्गीय पिकांवरच्या तिच्या एका जातभाईचा बदललेला वाण दाखवला. तो झाडात राहायचा, रोग करायचा नाही, उलट त्याच रोगापासून झाडाला वाचवायचा. सोबती आणि रोगकारक यांत अंतर इतकं थोडं असू शकतं! म्हणून अहवालात मी ‘फ्युजेरियम आढळली’ एवढंच लिहिते, ‘रोगट’ लिहीत नाही. निरोगी रोपांना ती बुरशी लावून, काही आठवडे वाट पाहून मगच काय ते ठरतं. शेतकऱ्याला घाई असते, ती रास्तही आहे. पण अंदाजाने दिलेल्या उत्तरापायी बुरशीनाशकाचा खर्च त्याच्याच माथी बसतो.

तोवर घरी करता येण्याजोगं एक काम आहे. बी धरताना झाडावर पूर्ण पिकलेली, बिनडागाची फळंच निवडा. ठिपका पडलेली मिरची उकलून पाहा, ठिपक्यामागच्या बिया बहुधा तपकिरी पडलेल्या दिसतील. अशा फळाची एकही बी बियाण्यात घेऊ नका, त्यातल्या चांगल्या दिसणाऱ्या बियासुद्धा नाहीत.