शस्त्रधारी समाजाचे पोलीस

लंडनच्या रस्त्यावर गस्त घालणाऱ्या पोलिसाच्या कमरेला बहुधा पिस्तूल नसते. १८२९ मध्ये सर रॉबर्ट पील यांनी तेथील पोलीस दल उभारले, तेव्हा शिपायाच्या हाती लाकडी दंडुका दिला. इंग्लंड व वेल्समधील बहुसंख्य पोलीस आजही बंदुकीवाचून आपले काम करतात. इंग्लंडच्याच कायद्याचा वारसा घेऊन वाढलेल्या अमेरिकेत मात्र पिस्तुलाविना पोलीस ही कल्पनाही करवत नाही. एकाच कुळातील दोन देशांत एवढे अंतर का पडले, हे समजून घ्यायचे तर पोलिसाच्या कमरेकडे पाहण्याआधी नागरिकाच्या घरात डोकावावे लागते.

अमेरिकेची राज्यघटना अमलात आल्यावर तीन वर्षांच्या आत, १७९१ मध्ये, तिला दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांपैकी दुसरी दुरुस्ती अवघ्या एका वाक्याची आहे. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक आहे, असे त्या वाक्याचा पूर्वार्ध म्हणतो. शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कास बाध येता कामा नये, असे उत्तरार्ध सांगतो. गावोगावचे शेतकरी आपापल्या बंदुका घेऊन ब्रिटिश सैन्याशी लढले, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. उद्या आपलेच सरकार जुलमी झाले तर काय, ही धास्तीही मनात ताजी होती. पूर्वार्ध ही उत्तरार्धाची अट मानायची की नुसती प्रस्तावना, यावर पुढे दोन शतके वाद चालला. व्याकरणाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. अखेर २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, हा हक्क लोकसेनेपुरता नाही, तो प्रत्येक व्यक्तीचा आहे. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगण्याचा हक्कही मान्य केला.

भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटावे यात नवल नाही. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा ठरवला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. त्यातून भेदभाव गेला, परवाना राहिला. आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे, अमेरिकेत ती नागरिकाचा हक्क आहे. या एका फरकातून पुढचे पुष्कळ काही निष्पन्न होते. २०१७ च्या अखेरीस अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका असाव्यात, असा जिनिव्हा येथील एका संशोधनसंस्थेचा अंदाज आहे. त्या वेळी देशाची लोकसंख्या साडेबत्तीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या बाळांसह प्रत्येकी एक बंदूक दिली तरी काही कोटी उरतील.

या संस्कृतीला चित्रपटांनी रम्य रूप दिले. पश्चिमेकडील ओसाड गाव, धुळीचा रस्ता, समोरासमोर उभे ठाकलेले दोन पिस्तूलधारी, हे दृश्य जगभर पोचले. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. ॲरिझोनातील टूमस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली चकमक ही त्या काळातील सर्वांत गाजलेली चकमक होय. गावाच्या हद्दीत शस्त्र बाळगू नये असा तेथील नगरपालिकेचा नियम होता, आणि तो मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घेण्यास पोलीस गेले असता ही चकमक झडली. ज्या काळाकडे बोट दाखवून आज बंदुकीचे गोडवे गायले जातात, त्या काळातील गावेही वेशीच्या आत बंदूक नको म्हणत होती. राष्ट्रीय रायफल संघटनेचा प्रवासही असाच बोलका आहे. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी कच्ची असल्याचे दिसून आले, म्हणून १८७१ मध्ये नेमबाजीच्या शिक्षणासाठी ही संस्था निघाली. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील अधिवेशनात तिची सूत्रे नव्या मंडळींच्या हाती गेली, आणि बंदुकीवरील नियंत्रणाला विरोध करणारी एक प्रबळ राजकीय शक्ती म्हणून ती ओळखली जाऊ लागली.

पोलिसांकडे शस्त्र आले ते या समाजाच्या मागोमाग. न्यूयॉर्कचे पोलीस दल १८४५ मध्ये उभे राहिले तेव्हा शिपायांकडे दंडुकेच होते. गुंडांकडे पिस्तुले दिसू लागल्यावर शिपाईही पदरच्या पैशाने पिस्तूल घेऊन हिंडू लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८९५ ते १८९७ या काळात त्या शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. सर्व शिपायांना एकाच बनावटीचे रिव्हॉल्व्हर आणि ते चालवण्याचे शिक्षण देण्याची व्यवस्था त्यांच्याच कारकिर्दीत झाली. त्यानंतरची चढाओढ थांबलेलीच नाही. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर अंगावर चिलखते चढवून आणि स्वयंचलित रायफली घेऊन बँकेतून बाहेर पडले. पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या त्या चिलखतांपुढे निष्प्रभ ठरल्या, तेव्हा काही पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. दोन्ही दरोडेखोर मारले गेले. पण तेव्हापासून गस्तीच्या मोटारीतही रायफल आली. नागरिकाला जे शस्त्र मिळते त्याहून कमी शस्त्र पोलीस ठेवील तरी कसा?

आता खरा कठीण प्रश्न येतो. पोलिसाने हे शस्त्र केव्हा चालवावे?

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १९७४ मध्ये एका रात्री घरफोडी करून पळणारा पंधरा वर्षांचा मुलगा कुंपण चढत होता. त्याच्याजवळ शस्त्र नसावे, अशी पोलिसाची जवळजवळ खात्री होती. तरीही त्याने पाठीमागून गोळी झाडली आणि मुलगा मरण पावला. चोरीचा ऐवज म्हणजे एक पाकीट आणि दहा डॉलर. पळणाऱ्या गुन्हेगारास कोणत्याही उपायाने रोखावे, असा त्या राज्याचा कायदाच होता. १९८५ मध्ये ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. पळणारी व्यक्ती पोलिसाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका ठरेल असे मानण्यास सबळ कारण असेल, तरच प्राणघातक बळ वापरता येईल, असे न्यायालयाने ठरवले. (ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार पोलिसांना नाही, ही तरतूद भारताच्या फौजदारी प्रक्रियेत फार पूर्वीपासून आहे आणि २०२३ च्या नव्या संहितेतही ती कायम आहे. ती कसोशीने पाळली जाते की नाही, हा निराळा विषय.)

चार वर्षांनी दुसरा निकाल आला, आणि तोच आज अधिक महत्त्वाचा ठरला आहे. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात १९८४ मध्ये एका मधुमेही गृहस्थाच्या रक्तातील साखर उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यावा म्हणून तो मित्राच्या मोटारीने दुकानात गेला. आत लांब रांग दिसली म्हणून लगबगीने बाहेर पडला. ही लगबग एका पोलीस अधिकाऱ्याला संशयास्पद वाटली. त्याने मोटार अडवली, त्या आजारी माणसाला बेड्या पडल्या, आणि झटापटीत त्याच्या पायाचे हाड मोडले. या प्रकरणी बंदूक चाललीच नव्हती. पण १९८९ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ निकालातील कसोटी पोलिसांच्या प्रत्येक गोळीला लागू झाली. घटना घडून गेल्यावर सावकाश विचार करणाऱ्याच्या दृष्टीने पाहू नये. त्या क्षणी, त्या ठिकाणी एखाद्या विवेकी अधिकाऱ्याला जे वाटले असते, त्यावरून त्याचे वर्तन वाजवी होते की नाही ते ठरवावे, अशी ती कसोटी आहे.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. दरवर्षी काही डझन पोलीसही तेथे गोळीला बळी पडतात. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण जेथे समोरच्या कोणत्याही माणसाच्या खिशात पिस्तूल असू शकते, तेथे कोणती भीती अवाजवी ठरवायची? १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी गिनी देशातून आलेल्या एका निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या; त्याच्या हातात पैशांचे पाकीट होते. चौघेही पोलीस पुढे निर्दोष सुटले. २०१४ मध्ये क्लीव्हलँड येथे खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत खेळणारा बारा वर्षांचा मुलगा पोलिसांची मोटार पोचताच काही क्षणांत गोळीला बळी पडला.

हा पेच सर्वांत उघडपणे दिसला तो ६ जुलै २०१६ रोजी, मिनेसोटा राज्यात. फिलँडो कॅस्टिल हा शाळेच्या भोजनगृहात काम करणारा ३२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मोटार चालवत असता पोलिसाने त्याला थांबवले. त्याच्याकडे पिस्तूल होते आणि त्याचा रीतसर परवानाही होता. आपल्याजवळ शस्त्र आहे, हे त्याने स्वतःहून शांतपणे सांगितले. काही सेकंदांत पोलिसाने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. मोटारीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. तो शस्त्राकडे हात नेत आहे असे वाटले, असे पोलिसाचे म्हणणे. २०१७ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. राज्यघटनेने दिलेला हक्क बजावणे आणि पोलिसाला भय वाटण्याचे कारण होणे, ही एकाच कृतीची दोन नावे ठरली.

पोलिसांच्या गोळीने दरवर्षी किती माणसे मरतात, याची पूर्ण सरकारी मोजदाद अनेक वर्षे झालीच नाही. देशात लहानमोठी मिळून सुमारे १८ हजार पोलीस दले आहेत आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र. शेवटी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१५ पासून ही नोंद ठेवली, तेव्हा आकडा वर्षाला सुमारे एक हजार निघाला. लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचे मृत्यू गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. बंदुकीच्या एकूण बळींत हा वाटा लहान आहे. २०२१ मध्ये तेथे ४८,८३० लोक बंदुकीने मरण पावले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

शस्त्र जवळ असले म्हणजे धैर्य येतेच असे नाही, हे टेक्सासमधील युवाल्डी गावाने दाखवले. २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने तेथील प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका ठार केल्या. शेकडो पोलीस जमले होते. वर्गात शिरण्यास त्यांना तासाहून अधिक वेळ लागला. हल्लेखोराच्या हाती रायफल होती, आणि ती त्याने दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतली होती.

कायद्याच्या बाजूने थोडी हालचाल आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा बदलून ‘वाजवी’ऐवजी ‘आवश्यक’ ही अधिक कडक कसोटी आणली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, गोळी झाडण्याचे एकदोन सेकंद तेवढे वेगळे काढून पाहू नयेत. त्याआधी काय घडले तेही विचारात घ्यावे. त्या प्रकरणाचा आरंभ न भरलेल्या पथकरातून झाला होता.

दरम्यान टेक्सासने २०१७ मध्ये एक कायदा केला. पोलिसाने मोटार थांबवली तर कसे वागावे, हे आता तेथील माध्यमिक शाळेत शिकवले जाते. कृष्णवर्णीय कुटुंबांत आईबाप आपल्या मुलांना हा धडा घरी फार पूर्वीपासून देत आले आहेत: दोन्ही हात सुकाणूवर, सहज दिसतील असे ठेवायचे, आणि काहीही काढण्यापूर्वी विचारायचे.