वाढतें शहर व ओढ्याचें पाणी

बिनशेतीच्या प्रकरणांच्या दप्तरांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. म्हणून ह्या विषयावर वाचकांस दोन शब्द सांगण्याची परवानगी घेतों.

पुणें शहराचेंच उदाहरण घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर ह्या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी सांठतें. त्यांतूनच शहर पितें व त्यांतूनच हवेली, दौंड व इंदापूर येथील शेतें भिजतात. शहर वाढलें कीं मागणी वाढते, आणि तुटीच्या वर्षीं कात्री लागते ती आवर्तनास. पिण्याचें पाणी आधीं, ह्याविषयीं शेतकऱ्याची तक्रार नाहीं. तक्रार निराळी आहे. शहर आपल्या अंगावर पडणाऱ्या पावसाचा हिशेब ठेवीत नाहीं.

हिशेब तर सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्याचा पाऊस सालीना ७०० मिलिमीटरच्या आसपास. तेव्हां ५०० चौरस मीटरांच्या भूखंडावर साडेतीन लाख लिटर पडतें. तेथें शेत होतें तोंवर त्यांतील बरेंच बांधाआड मुरे. फरशी झाल्यावर तें गटाराची वाट धरतें. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनें एवढ्या व याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामास पाऊसपाण्याची सोय सक्तीची केली, हें उत्तम झालें. परंतु दाखला मिळाल्यावर गाळणींतील वाळू दरसाल कोण धुतो? कागदावरील खड्ड्यांत पाणी मुरत नाहीं, हें आम्हां कारकुनांइतकें कोणास ठाऊक!

ओढ्यांची कथा याहून वाईट. कात्रजचा तलाव बांधून पेशव्यांनीं ज्या आंबिल ओढ्याचें पाणी नळानें शहरांत आणिलें, त्याच ओढ्याचें पात्र पुढें आवळत गेलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्यानें आपली जुनी जागा परत घेतली. कित्येकांचे प्राण गेले. गांवनकाशांत ओढा स्पष्ट काढलेला असतो. भराव घालणाऱ्यास तो दिसत नाहीं, एवढेंच.

पण विकणारा कोण? आपणच. मोबदल्याच्या घाईंत चतुःसीमेंतला ओढा आपण सोडून देतों, आणि तेंच पाणी खालच्या भावकीच्या विहिरीचें असतें. यास्तव शहरालगतच्या सभासदांस आमची विनंति अशी कीं, खरेदीखतापूर्वीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयांतून नकाशाची नक्कल काढावी, ओढ्याची रुंदी मोजून घ्यावी, व ती चतुःसीमेंत शब्दांनीं लिहवून मगच सही करावी.