पिवळे पान, मेलेली पेशी

निपाणी पट्ट्याची ओळख असलेल्या तंबाखूवर ‘वाइल्डफायर’ हा जिवाणूजन्य रोग पडतो: मधे मेलेला तपकिरी ठिपका, भोवती पिवळे कडे. पिवळेपणा म्हणजे पेशीच्या मरणाचा केवळ परिणाम, असे वाटते. पुरावा उलटही बोलतो. हरितद्रव्य मोडताना फिओफोर्बाइड तयार होते. त्याचे पुढचे विघटन अडले, तर उजेडात ते ऑक्सिजनचे घातक रूप निर्माण करून पेशीच मारते. हा टप्पा निकामी असलेल्या अरॅबिडॉप्सिस या रोपाच्या पानांवर असेच डाग पडतात. आक्षेप रास्त आहे: वाइल्डफायरचे कडे टॅबटॉक्सिन या जिवाणूजन्य विषामुळे उमटते, हे विष ग्लुटामिन घडवणारे विकर रोखते. म्हणजे प्रत्येक पिवळे कडे एकाच कारणाचे नव्हे. रोगाला कोंडण्यासाठी झाड स्वतःच काही पेशी मारते, तो प्रकार आणखी निराळा. वनस्पतिरोगतज्ज्ञ झोल्तान क्लेमेंट यांनी १९६३ मध्ये त्याची चाचणी मांडली, तीही तंबाखूच्याच पानावर.